प्रा. माधव गाडगीळ यांना खाडीकाठच्या एका शिक्षकाचे आभारपत्र

तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी
जानेवारी २०२५

आदरणीय प्रा. माधवराव गाडगीळ यांस,

स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ सालचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान गेल्या महिन्यात आपल्याला जीवनगौरव म्हणून जाहीर झाला, तेव्हा आमच्या शाळेच्या फलकावर मुलांनी ती बातमी लिहिली आणि आपल्या नावाखाली ‘नोंदवहीवाले’ अशी ओळख स्वतःच्या मनाने जोडून दिली. पद्मभूषण, टायलर पुरस्कार, हार्वर्डची डॉक्टरेट, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आपण उभे केलेले परिसरशास्त्राचे केंद्र, १९८६ मध्ये घोषित झालेले नीलगिरीचे जीवावरण राखीव क्षेत्र, यांपैकी फारसे काही त्या मुलांना ठाऊक नाही. गावाने आपल्या झाडांची, माशांची आणि पाण्याची नोंद स्वतः ठेवावी ही कल्पना आपण मांडलीत, पुढे तिला कायद्यात जागा मिळाली आणि त्यामुळे शनिवारी दप्तर वर्गात ठेवून खाडीवर जायला मिळते, एवढेच त्यांना माहीत आहे. ती ओळख पुसून तेथे काही भारदस्त लिहावे, असे मला वाटले नाही.

आपली माझी भेट कधी झालेली नाही. वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीत रुंदावत जाते त्या पट्ट्यातील एका गावात मी विज्ञान शिकवतो आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. आपण लिहिलेले वाचून आमच्या हातून जे काम उभे राहिले, त्याचा हिशेब आपल्यापर्यंत पोहोचवावा आणि मनापासून आभार मानावेत, यासाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावी आणि तिने लोकांशी सल्लामसलत करून नोंदवही करावी, असे ठरले. अनेक वर्षे ते कागदावरच होते. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही अखेरची मुदत घातली आणि सगळीकडे एकच धावपळ उडाली. आमच्याकडेही कोणा संस्थेची माणसे आली, ग्रामपंचायतीत बसून त्यांनी चहा घेतला, चार-दोन सह्या घेतल्या आणि महिन्याभरात सुबक बांधणीची नोंदवही पोहोचती केली. तिच्या मुखपृष्ठावर वाघ होता. आमच्या पंचक्रोशीत शेवटचा वाघ कोणी पाहिला हे सांगू शकणारे म्हातारेही आता उरलेले नाहीत. आतल्या यादीत तेंदू होता, मोह होता आणि गावाला तीन बाजूंनी वेढणाऱ्या कांदळवनाचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. जंगलाच्या कुठल्या तरी जिल्ह्यासाठी केलेला मजकूर गावाचे नाव बदलून आमच्या पदरात पडला होता. तरीही ती नोंदवही सरकारदरबारी ‘पूर्ण’ म्हणून नोंदली गेली, आणि समितीच्या बैठकीत कोणी हरकतही घेतली नाही, कारण नोंदवहीचा उपयोग काय हेच कोणाला कळलेले नव्हते.

तो उपयोग मला प्रथम कळला तो आपण सांगितलेल्या बांबूच्या काट्यांच्या हकीकतीतून. ती मी वर्गात इतक्यांदा सांगितली आहे की मुलांना तोंडपाठ झाली आहे. १९७० च्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील बांबू झपाट्याने संपत होता. कागद गिरणीला तो टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने मिळत होता, टोपल्या विणणाऱ्या बुरुडांना मात्र तोच बाजारभावाने घ्यावा लागत होता, आणि बांबू संपण्याचे खापर गावकऱ्यांच्या गुरांवर व कुऱ्हाडीवर फुटत होते. वन खात्याच्या सूचनेनुसार बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी असलेले काटेरी जाळे साफ केले जाई, म्हणजे नव्या कोंबांना मोकळी जागा मिळेल, असा त्यामागचा समज होता. गावकरी सांगत होते की हे काटे हीच बेटाची राखण आहे, ते गेले की कोवळे कोंब जनावरे फस्त करतात. आपण गावकऱ्यांचे म्हणणे अडाणीपणाचे म्हणून झटकले नाही आणि लोकज्ञान म्हणून डोक्यावरही घेतले नाही. साफ केलेली बेटे आणि न केलेली बेटे यांतले कोंब मोजले, आणि गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले.

या हकीकतीतला पहिला अर्धा भाग बहुतेकांच्या लक्षात राहतो. लोकांना विचारावे, त्यांच्याकडे ज्ञान असते, हे आता भाषणांतही ऐकू येते. मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा भाग, म्हणजे मोजणे. माणसाच्या शब्दाला पुराव्याचा दर्जा द्यायचा असेल तर तो तपासलाही पाहिजे, आणि तपासण्याने त्या माणसाचा अपमान होत नाही, त्याला गंभीरपणे घेतले जाते. शाळकरी वयात वेड्या राघूच्या शेपटीतले लांब पीस काही पक्ष्यांत का दिसत नाही, हा प्रश्न आपल्याला पडला, तो पत्राने सलीम अलींना विचारला गेला आणि ती पिसे झडून पुन्हा येतात असे उत्तरही आले. एवढ्या मोठ्या पक्षितज्ज्ञाला पोराचा प्रश्न उत्तर देण्याजोगा वाटला, हे ज्याने लहानपणी अनुभवले त्याला पुढे धनगराचा, बुरुडाचा किंवा भोयाचा शब्द ऐकण्याजोगा वाटला, यात मला नवल वाटत नाही.

म्हणून आम्ही वाघाची नोंदवही कपाटात ठेवली आणि कोऱ्या वह्या घेऊन पुन्हा सुरुवात केली. खाडीत कोणते मासे आहेत, असे सरसकट विचारले की लोक बाजारातल्या माशांची नावे सांगतात. त्यामुळे प्रश्न बदलले: अमुक जागी, अमुक महिन्यात, कोणत्या जाळ्यात काय येत होते, आणि ते यायचे कधीपासून बंद झाले. कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडणाऱ्या एका आजींनी खाडीचा एक कोपरा जसाच्या तसा उभा केला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कोणता खडक किती उघडा पडतो, अष्टमीच्या भांगेला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असताना, तेथे जाण्यात काही अर्थ का नसतो, तिसऱ्या (एक प्रकारचे शिंपले) कोणत्या रेतीत मिळत आणि तेथे आता गुडघाभर काळा चिखल कसा साचतो, हे त्या हातातला कोयता न थांबवता सांगत होत्या. साल मात्र त्यांना सांगता येत नव्हते. ‘थोरलीच्या लग्नात टोपलीभर कालवं होती, धाकटीच्या लग्नात विकत आणली,’ असे त्या म्हणाल्या. मुलांनी दोन्ही लेकींच्या लग्नाची वर्षे घरच्या पत्रिकांवरून शोधून काढली आणि दोन्ही साले आजींच्या वाक्यासकट नोंदवहीत उतरवली. एखाद्या अधिकृत अहवालात अशी नोंद शोधून सापडणार नाही.

तपासण्याची बाजूही आम्ही सोडली नाही. खाडीतली पाणमांजरे कधीच संपली, असे गावातली जाणती माणसे ठामपणे सांगत होती. मुलांना खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खारजमिनीच्या, बांधावर खेकड्याच्या कवचाचे तुकडे आणि खवले असलेली विष्ठा सापडली, चिखलात पावलांचे ठसे सापडले, त्यांनी फूटपट्टी ठेवून छायाचित्रे काढली आणि जाणकारांना दाखवून खात्री करून घेतली. पाणमांजर आहे, फक्त ते रात्री फिरते आणि जाणती माणसे आता रात्री खाडीवर जात नाहीत. उलट देवरहाटीखालच्या, म्हणजे गावच्या देवराईखालच्या, विहिरीचे पाणी उशिरापर्यंत टिकते असे म्हातारे सांगत होते ते मोजून खरे निघाले. मुलांनी दोराला गाठी मारून तिचे आणि उघड्या सड्याच्या (जांभ्या खडकाच्या पठाराच्या) कडेला असलेल्या दुसऱ्या विहिरीचे पाणी उन्हाळाभर मोजले. सड्याकडची विहीर चैत्रातच तळ दाखवू लागली, देवरहाटीखालची वैशाख उलटला तरी पाणी देत होती. दोन विहिरींवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी मुलांना सांगितले आणि ‘या दोन विहिरींपुरते’ असे शब्द नोंदीत मुद्दाम घालायला लावले. आपणही तेच केले असते, असे मला वाटते.

देवरहाटी हा विषय निघाला आहे तर श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाची आठवण काढायलाच हवी. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांच्यासह आपण १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास करत होता, त्या काळात तेथील देवराई तोडली जाण्याची वेळ आली होती. ती राई आहे म्हणून आमच्या ओढ्याला बारमाही पाणी आहे, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. आपण वन खात्याकडे शब्द टाकलात आणि राई वाचली. त्या गावकऱ्यांचे कारण देवाइतकेच पाण्याचेही होते, हे आपण तेव्हा नोंदवून ठेवले नसते, तर आज कोकणातल्या देवराया म्हणजे निव्वळ श्रद्धेचा विषय म्हणूनच पुस्तकांत शिल्लक राहिल्या असत्या. आमच्या देवरहाटीत मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी आईन आणि किंजळ तोडण्याचा विषय मध्यंतरी निघाला होता. विहिरीचे आकडे बैठकीत वाचून दाखवल्यावर, निदान विहिरीच्या वरच्या अंगाची झाडे राखायची, यावर सर्वांचे एकमत झाले. सभामंडपाला मात्र काँक्रीट आलेच. सगळे साधत नाही.

आता पश्चिम घाटाच्या अहवालाविषयी. २०१० मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाचे अध्यक्ष म्हणून आपण ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिलात, तो सरकारने दाबून ठेवला आणि माहितीच्या अधिकारात लढल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. आमच्या भागात तो वाचण्याआधीच बदनाम झाला होता. ‘गाडगीळ लागू झाले तर घराला कौल घालता येणार नाही, गुरे बांधावर नेता येणार नाहीत,’ अशी भीती वाडीवाडीतून घालण्यात आली होती आणि ती घालणाऱ्यांत खाणींचे हितसंबंध असलेली माणसे पुढे होती. प्रत्यक्षात अहवालाने घाटाचे संवेदनशीलतेनुसार विभाग पाडले आहेत, आणि त्यांतल्या सर्वाधिक संवेदनशील विभागासाठीही असे म्हटले आहे की शेतजमीन बिगरशेती करू नये, पण स्थानिकांची लोकसंख्या वाढली म्हणून गावठाण वाढवायला मोकळीक असावी. झाडे राखणाऱ्या, जमिनीचा कस टिकवणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला द्यावा, असेही त्यात आहे. मी ती पाने मराठीत उतरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली, तेव्हा ‘हे तर आपल्याच बाजूचे आहे’ असे म्हणणारे निघाले, आणि ‘शिक्षकाला पैसे मिळाले असणार’ असे म्हणणारेही निघाले.

रत्नागिरी जिल्ह्यावरचा त्यातला भाग आमच्यासाठी फार मोलाचा आहे. लोटे औद्योगिक वसाहतीत सुमारे ११ हजार लोकांना रोजगार मिळाला, तर दाभोळ खाडीतील प्रदूषणामुळे सुमारे २० हजार मच्छीमारांचा रोजगार गेला, हे दोन आकडे आपण एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी ठेवलेत. त्याआधी रोजगार म्हणजे कारखान्याच्या फाटकातून आत जाणारा माणूस, अशीच मोजदाद होती. होडी उलटी घालून मुंबईला गेलेला भोई कोणत्याच रकान्यात येत नव्हता. २००७ ते २००९ या काळात जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचे आदेश लागू होते, हेही आपण नमूद केलेत, म्हणजे लोकांनी तक्रार का केली नाही, या प्रश्नाचे उत्तरही त्यातच दिलेत. आमच्या आजींच्या दोन लेकींच्या लग्नांमधल्या काळात खाडीचे काय झाले, ते त्या पानांवरून आम्हाला जुळवता आले. या एका परिच्छेदासाठी खाडीकाठची माणसे आपली ऋणी आहेत, त्यांतल्या अनेकांना तो परिच्छेद लिहिला गेला आहे हे माहीतही नसले तरी.

पुढे आपल्या अहवालाचा फेरविचार करण्यासाठी डॉ. कस्तुरीरंगन यांची समिती आली, तिने घाटाच्या सुमारे ३७ टक्के क्षेत्रापुरते संरक्षण सुचवले, आपण त्यांना खुले पत्र लिहून आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांना स्थान नाही ही भूमिका घटनेच्या विरोधात असल्याचे सुनावलेत, आणि अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. वायनाडची दरड कोसळल्यानंतर ३१ जुलै २०२४ रोजी ५६ हजार ८०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राचा आणखी एक मसुदा निघाला. माळीण, तळिये, इर्शाळवाडी, वायनाड, दरड कोसळली की प्रत्येक वेळी वर्तमानपत्रे आपले छायाचित्र छापतात आणि ‘गाडगीळ यांनी आधीच सांगितले होते’ असा मथळा देतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हाही तेच झाले. या मथळ्यांचा मला कंटाळा आला आहे. त्यांतून आपण भविष्यवेत्ते ठरता आणि अहवाल पोथी ठरतो, मग तो वाचण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. अहवालात आपण सरळ लिहिले आहे की विभागांच्या सीमा हा प्राथमिक मसुदा आहे, त्यावर ग्रामसभांनी चर्चा करून अंतिम स्वरूप द्यावे. सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव आपणहून दिले होते, याची आठवण मात्र कोणताही मथळा करून देत नाही.

आभाराच्या पत्रात मतभेद लिहू नयेत असा संकेत आहे, पण आपण स्वतः तो फारसा पाळल्याचे दिसत नाही, म्हणून धीर करून लिहितो. ग्रामसभेवर आपला जेवढा विश्वास आहे तेवढा माझा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट आहे, सर्वसहमतीची सवय आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या लोकांनी तेंदूपानाचे हाती येणारे पैसे सोडून झाडे राखण्याचा निर्णय घेतला, हे आपणच आम्हाला दाखवून दिलेत. पण आमच्याकडे निम्मी माणसे मुंबईला, गणपती आणि शिमग्याला गाव भरते, आणि एरवीच्या ग्रामसभेला गणपूर्तीअभावी तहकूब करून अर्ध्या तासाने तीच सभा भरवावी लागते. ज्याची चिऱ्याची खाण आहे त्याचा आवाज मोठा असतो, आणि कालवे फोडणाऱ्या आजी दारापाशी बसतात. विकेंद्रीकरण म्हणजे निर्णय या सभेकडे येणे, असे असेल तर मला त्याची धास्तीच वाटते. तरीही एक मान्य करतो की लेखी नोंद हातात आल्यापासून सभेतले वजन थोडे सरकले आहे. मोठ्या आवाजाच्या माणसालाही ‘पान क्रमांक सांगा’ असे विचारावे लागते, आणि पान क्रमांक आजींच्या नातीला पाठ असतो.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे राहतील. आपले गणिती परिसरशास्त्रातले काम इंग्रजीत आहे, इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्यासोबतचे ग्रंथ इंग्रजीत आहेत, जगाने दिलेले पुरस्कार त्या लेखनाला आहेत. त्यानंतरही आपण वर्षानुवर्षे मराठी वर्तमानपत्रांतून लिहीत राहिलात आणि ‘सह्याचला आणि मी’ हे आत्मकथन २०२३ मध्ये इंग्रजी आवृत्तीच्या बरोबरीने मराठीतही आले. बहुतेक शास्त्रज्ञ मराठीत उतरताना पायरी उतरल्यासारखे लिहितात, समजावून सांगण्याचा सूर लावतात. आपल्या मराठीत भांडण आहे, चेष्टा आहे, जुन्या ओव्या-अभंगांची ये-जा आहे आणि सरकारी आकड्यांची उलटतपासणीही आहे. पुण्याच्या घरातून, धनंजयरावांसारख्या अर्थशास्त्रज्ञ वडिलांच्या आणि शेजारी राहणाऱ्या इरावतीबाई कर्वे यांच्या सहवासातून ते आले असणार. नववीच्या मुलाला शब्दकोश न उघडता परिसरशास्त्र वाचता येते, याचे श्रेय मी त्या भाषेला देतो.

सध्याची स्थिती कळवतो. गावाच्या वरच्या सड्यावर चिरेखाणीचा नवा प्रस्ताव आला आहे. पावसाळ्यात तो सडा तेरड्याच्या आणि सीतेच्या आसवांच्या फुलांनी भरतो, आणि त्याच्याच उतारावर देवरहाटी व ती विहीर आहे. खाणीला हरकत घेणारा ठराव ग्रामसभेत काठावरच्या बहुमताने मंजूर झाला असून, नोंदवहीतील विहिरींच्या मोजमापाची, सड्यावरच्या फुलांच्या नोंदींची आणि ओढ्याच्या नकाशाची पाने साक्षांकित करून त्याला जोडली आहेत. ठराव तहसील कार्यालयात दाखल झाला आहे, पोच मिळाली आहे, निर्णय आलेला नाही. नोंदवहीची एक प्रत टपालाने आपल्याकडे पाठवत आहे. पक्ष्यांच्या भागात काही ठिकाणी मुलांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्हे केली आहेत, ती तशीच ठेवली आहेत. सवड झाल्यास तेवढी पाने पाहावीत, अशी त्यांची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
एक विज्ञान शिक्षक
आणि शाळेची नोंदवही तुकडी